शब्द न् शब्द तिचा

“सर, यात आपलं लिहायचं की पुस्तकातलं?”

रमिलानं हे विचारलं तेव्हा नववीच्या वर्गात सतरा पोरं होती. पटावर एकेचाळीस. डिसेंबर सुरू झाला होता, आणि डिसेंबरात आमच्या आश्रमशाळेत दरवर्षी असंच व्हायचं. शनिवारी घरी गेलेली पोरं सोमवारी परत यायची नाहीत, ती संक्रांतीनंतरच उगवायची. का, ते शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. हजेरीवर आम्ही ‘आजारी’ लिहायचो.

फळ्यावर मी निबंधाचा विषय लिहिला होता : ‘गांजाला कायद्याने परवानगी द्यावी काय?’ जानेवारीत पोलीस सप्ताह असतो. त्या निमित्तानं एका व्यसनमुक्ती मंडळानं तालुक्यातल्या शाळांसाठी स्पर्धा ठेवली होती. परदेशात कुठे कुठे परवानगी मिळाली म्हणून तेव्हा टीव्हीवर चर्चा चालायच्या, त्यातून कुणाच्या तरी डोक्यातून हा विषय निघाला असणार.

“आपलं लिही,” मी म्हणालो. “तरुण पिढी बरबाद होत आहे, हे मला कुणी लिहून दाखवू नका. ते मी वीस वर्षं वाचतोय. डोळ्यांनी पाहिलंय ते लिहा.”

सोळा जणांनी तरुण पिढी बरबाद होत आहे असंच लिहिलं. रमिलानं दोन दिवस घेतले.

रमिला नानसिंग पावरा. पंधरा वर्षांची, सडपातळ, वर्गात सहसा न बोलणारी. शाळेपासून वर डोंगरात दोन तासांच्या वाटेवर तिचा पाडा. बाप नानसिंग वनजमिनीच्या तुकड्यावर तूर आणि ज्वारी करायचा. पहिलीत आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. सातवीत ती माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढायला लागली. मी खालच्या सपाटीवरचा, खैरनार. वीस वर्षांच्या नोकरीत अशी पोर एखादीच हाती लागते, हे मला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी तिनं कच्ची वही माझ्या टेबलावर ठेवली आणि ती पळून गेली. मी तिथेच उभ्यानं वाचलं. बरंचसं मला अजून पाठ आहे.

“आमच्या तुरीत ती झाडं असतात. तूर वाढते तोवर ती दिसत नाहीत. मग ती डोकं वर काढतात तेव्हा बा त्यांचे शेंडे मोडतो. बी शेठ देतो. माल शेठ नेतो. जमादार आला की बा त्याला कोंबडी देतो आणि जमादार तुरीकडे पाठ करून बसतो. पानं खुडायला आम्हाला शाळा बुडवावी लागते. हाताचा वास आठ दिवस जात नाही. सर विचारतात कसला वास, तेव्हा आम्ही रानतुळस सांगतो.”

आणि पुढे : “माझा भाऊ काळू चौदा वर्षांचा आहे. खुडता खुडता तो ओढायला शिकला. तो माझ्याहून हुशार होता. आता त्याला पाढे येत नाहीत. हाक मारली की हसतो. कायदा झाला तर बा रात्री झोपेल. आमची शाळा बुडणार नाही. पण काळूचे पाढे परत येणार नाहीत. म्हणून मला परवानगी द्यावी असं वाटतं आणि देऊ नये असंही वाटतं. मोठ्या माणसांनी नीट विचार करून ठरवावं.”

मी वही घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. शिंपी सर माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, निवृत्तीला आलेले. त्यांनी सावकाश वाचलं आणि वही उलटी करून टेबलावर ठेवली.

“चांगलं आहे. पाठवू नका.”

“का?”

“का म्हणजे? पोरीनं बापाचा जबाब लिहून दिलाय.”

“गावाचं नाव कुठे आहे त्यात?”

“मुलीचं नाव आहे. शाळेचा शिक्का आहे. आणखी काय पाहिजे?”

“सर, हे कुणाला माहीत नाही सांगा. जमादाराला माहीत नाही? आमदाराला माहीत नाही?”

“माहीत असणं वेगळं, खैरनार.”

मी ऐकलं नाही. त्यामागे माझा एक जुना सल होता. तालुक्याच्या प्रत्येक कार्यक्रमात खालच्या शाळांचे शिक्षक मला हसून विचारायचे, “काय खैरनार, यंदा पळायला किती पोरं आणलीत?” आमची पोरं धावण्यात पहिली यायची आणि वक्तृत्वात, निबंधात त्यांना कुणी जमेस धरायचं नाही. मला एकदा त्यांच्या तोंडावर तो कागद ठेवायचा होता. रमिलाला मी निबंध स्वच्छ अक्षरात उतरवायला लावला. एका शब्दालाही हात लावला नाही. शिंपी सरांनी सही केली, पण पेन खाली ठेवताना ते म्हणाले, “तुमच्या जबाबदारीवर.”

पहिला नंबर आला. सबंध तालुक्यात पहिला.

बक्षीस समारंभ तालुक्याच्या एका मंगल कार्यालयात होता. रमिलानं दोन वेण्या घालून निळ्या रिबिनी बांधल्या होत्या. जीपमधून उतरल्यावर तिनं दाराशी दोन पोलीस पाहिले आणि ती थबकली.

“हे का आलेत?”

“अगं, पोलीस सप्ताह ना. त्यांच्याच हातून बक्षीस मिळणार.”

“त्यांनी वाचलाय?”

“परीक्षकांनी वाचला. साहेबही वाचतील. वाचण्यासारखाच आहे.”

ती दाराबाहेरच उभी राहिली. मला वाटलं, व्यासपीठाची भीती. मी तिला पाणी आणून दिलं.

प्रमुख पाहुणे म्हणून जिल्ह्याहून नुकतेच बदलून आलेले एक तरुण पोलीस अधिकारी होते. त्यांनी भाषण थोडक्यात आटपलं. नंतर सूत्रसंचालकानं रमिलाचं नाव पुकारलं आणि निबंधातला एक परिच्छेद वाचून दाखवला, नेमका शेंडे मोडण्याचा. रमिला व्यासपीठावर उभी होती, हातात प्रमाणपत्र. अधिकाऱ्यांनी सूत्रसंचालकाकडून कागद मागून घेतला. एक पान वाचलं, दुसरं वाचलं.

“हे तू लिहिलंस, बाळ?” त्यांनी माइक तिच्याकडे केला.

तिनं प्रमाणपत्र छातीशी धरलं.

“खरं आहे हे सगळं? तुमच्या शेतातलं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो आणि तिला मानेनं धीर देत होतो, बोल, बोल.

“नाही साहेब,” रमिला म्हणाली. माइकमधून तिचा आवाज फार स्वच्छ आला. “मी नाही लिहिलं. सरांनी लिहून दिलं. मी नुसतं उतरवलं.”

आधी कुणीच हसलं नाही. मग मागून कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच. माझ्या शेजारचे एक मुख्याध्यापक माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, “वाटलंच होतं आम्हाला.”

अधिकारीही हसले. “काय हो गुरुजी? कुठे बसलेत? मुलांच्या नावावर स्वतःच्या कथा खपवता का?”

मी उठलो. वीस वर्षांत माझ्यावर कुणी असा आळ घेतला नव्हता, आणि तो घेतला होता जिच्यासाठी मी भांडलो तिनं.

“खोटं बोलतेय ती, साहेब,” मी म्हणालो. “घाबरलीय. हा निबंध तिचा आहे. शब्द न् शब्द तिचा आहे. मी एक काना-मात्रा बदललेली नाही.”

“सर…” रमिला माइकशिवाय म्हणाली. तिचे ओठ हललेले मला दिसले.

“आदिवासी मुलगी एवढं लिहू शकत नाही असं इथे बऱ्याच जणांना वाटतंय,” माझा आवाज चढला होता. “तिनं डोळ्यांनी पाहिलंय ते लिहिलंय. ही पाहा तिची कच्ची वही. तिची खाडाखोड आहे, तिचं अक्षर आहे. ताडून बघा.”

वही माझ्या पिशवीतच होती. मी पुढे जाऊन ती व्यासपीठावर दिली.

अधिकाऱ्यांनी वही चाळली. आता ते हसत नव्हते. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्या सभागृहानं वाजवल्या. शेजारचे मुख्याध्यापकही उभे राहिले. इतक्या टाळ्या मला आयुष्यात पुन्हा मिळाल्या नाहीत.

“वही राहू द्या माझ्याकडे,” निघताना अधिकारी मला म्हणाले. “हुशार आहे मुलगी. कुठला पाडा म्हणालात हिचा?”

मी सांगितला.

परतीच्या जीपमध्ये रमिला खिडकीशी बसली होती. अर्धा रस्ता मी स्वतःला आवरलं, मग राहवलं नाही.

“चारचौघांत माझं नाक कापलंस तू. काय गरज होती खोटं बोलायची?”

“चुकलं, सर.”

“स्वतःच्या लिहिण्याची लाज वाटते?”

“नाही.”

“मग?”

ती बाहेर बघत राहिली. शाळा आल्यावर तिनं विचारलं, “सर, मी आज घरी जाऊ?”

“आता अंधार पडेल. शनिवारी जा.”

तिनं तसं पुन्हा दोनदा विचारलं. मी दोनदा नाही म्हटलं. वसतिगृहाचा नियम होता.

शुक्रवारी सकाळी परिपाठ चालू असताना पोलिसांच्या तीन गाड्या शाळेच्या फाटकाशी थांबल्या. त्यांना पंच हवे होते. सरकारी पगार घेणारा माणूस पंच म्हणून बरा पडतो, म्हणून मला आणि ग्रामसेवकाला गाडीत बसवलं. कुठे चाललोय ते कुणी सांगितलं नाही. गाडी वरच्या रस्त्याला लागली तेव्हा मला कळलं. मला थांबवा, मला यायचं नाही, असं म्हणता आलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी म्हटलं नाही.

नानसिंग अंगणात खाट विणत होता. पोलीस पाहून तो उठला, आणि त्यांच्या मागे मला पाहून त्याला धीर आला असावा.

“सर, रमिला बरी आहे ना?” हेच त्यानं पहिलं विचारलं.

“बरी आहे,” मी म्हणालो.

तुरीतून झाडं उपटायला दोन तास लागले. अंगणात ढीग झाला. वजनकाटा धरून जो उभा होता तो जमादार मी ओळखला. तो नानसिंगकडे बघत नव्हता. काळू पहिल्याच गडबडीत मागच्या दारानं जंगलात पळाला. तो पुढे सुरतेकडे गेला म्हणतात, पाड्यावर पुन्हा कधी आला नाही. शेठचं नाव नानसिंगनं सांगितलं, ते कुणी लिहून घेतलं नाही. माझ्यासमोर वजन झालं, माझ्यासमोर पोत्यांना सील लागलं, आणि मी सही केली. तारीख घातली. अक्षर बरं आलं.

त्याला गाडीत चढवताना त्याची बायको माझ्या पायाशी बसली. मराठी तिला येत नव्हतं. ती फक्त “सर, सर” म्हणत होती.

शाळेत परतलो तेव्हा रमिला वसतिगृहात नव्हती. बातमी माझ्या आधी पोचली होती आणि ती पायवाटेनं घरी गेली होती. आठवड्यानं मी तिला परत आणायला पाड्यावर गेलो. ती सुकलेली तूर झोडपत होती. मला पाहून तिनं काठी थांबवली नाही.

“रमिला, चल. दहावी कर. मी सगळं बघतो. वकीलही बघतो.”

“आई एकटी आहे.”

“मला कळलं नाही गं,” मी म्हणालो. “त्या दिवशी तू तसं का बोललीस, ते मला तेव्हा कळलंच नाही.”

तिनं काठी खाली ठेवली.

“तुम्ही नुसतं हो म्हणायचं होतं, सर.”

बस, एवढंच. मग तिनं काठी उचलली. मी डोंगर उतरलो. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कळलं.

नानसिंगला जामीन मिळाला नाही. माल इतका होता की मिळणारही नव्हता. खटला उभा राहायला सात वर्षं लागली. शिंपी सर निवृत्त झाले, मी मुख्याध्यापक झालो. डिसेंबरात पोरं अजूनही यायची नाहीत. मी ‘आजारी’ लिहायचो. निबंध स्पर्धेची पत्रकं यायची ती मी फाइलला लावायचो.

साक्षीचं समन्स आलं तेव्हा मी पुण्याला थोरल्या मुलाकडे होतो. झोपायच्या आधी तो जिभेखाली कसले तरी थेंब टाकत होता.

“काय रे ते?”

“विजया. झोपेसाठी. आयुर्वेदिक आहे.”

“विजया म्हणजे?”

“भांग, गांजा, तेच की हो, बाबा,” तो हसला. “पानांचा अर्क आहे. घाबरू नका, कायदेशीर आहे. डॉक्टरची चिठ्ठी आहे, कुरिअरनं घरी येतं.” त्यानं बाटली माझ्या हातात दिली. काळी, छोटी, सुरेख लेबल लावलेली. मी झाकण उघडून वास घेतला. आमच्या वर्गात संक्रांतीनंतर तोच वास असायचा.

“किती वर्षं घेतोस?”

“दोन. ऑफिसात बरेच जण घेतात. खरं तर सगळंच खुलं करायला पाहिजे, बाबा. उगाच बाऊ करून ठेवलाय.”

मी बाटली परत दिली. त्याला नानसिंगबद्दल कधी सांगितलं नव्हतं, तेव्हाही सांगितलं नाही.

न्यायालयात नानसिंग दोन पोलिसांच्या मध्ये उभा होता. तो अर्धा झाला होता, केस पूर्ण पांढरे. सरकारी वकिलानं मला पंचनामा दाखवला.

“ही सही तुमची?”

“हो.”

“झाडं तुमच्यासमोर उपटली, वजन तुमच्यासमोर झालं, सील तुमच्यासमोर लावलं?”

“नाही.”

वकिलानं पंचनामा पुन्हा माझ्यापुढे धरला. “प्रश्न नीट ऐका, गुरुजी.”

“ऐकला. माझ्यासमोर काहीच झालं नाही. मला शाळेतून ठाण्यात बोलावलं आणि कोऱ्या कागदावर सही घेतली. मी त्या शेतात कधी गेलो नाही.”

“तुम्ही मुख्याध्यापक आहात. शपथेवर बोलताय.”

“माहीत आहे.”

सत्तावीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगणारा माणूस एका दमात एवढं खोटं बोलला, आणि आवाज एकदाही अडखळला नाही. ग्रामसेवकानं तर मला काही आठवतच नाही म्हणून आधीच हात झटकले होते. सीलच्या नोंदीतही घोळ निघाला. महिन्याभरानं नानसिंग निर्दोष सुटला. खात्याची नोटीस मला त्याच आठवड्यात आली, ती यायचीच होती.

निकालाच्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात थांबलो होतो. खोटं नको बोलायला, मला रमिलाला भेटायचं होतं. आपण काहीतरी फेडलं असं मला वाटत होतं, आणि ते तिनं पाहावं असंही.

ती आली. बावीस वर्षांची बाई तिशीची दिसत होती. कडेवर पाच वर्षांची मुलगी झोपली होती. नानसिंग तिच्या पुढे होता. मला पाहताच तो जवळजवळ धावत आला आणि वाकून त्यानं माझे पाय धरले.

“अरे, उठा, उठा, नानसिंगभाऊ.”

“सर, तुमच्यामुळे. वकील म्हणाला, तुमच्यामुळे.” तो रडत होता. “सात वर्षं जेलात मी एकच म्हणायचो. ज्यानं माझी चुगली केली, त्याच्या पोटी अन्न ठरू नये. तो जमादारच, सर. कोंबड्या माझ्या खाल्ल्या आणि वर चुगली केली.”

मी रमिलाकडे पाहिलं. तिनं बापाला सांगितलं नव्हतं. निबंध, बक्षीस, वही, सात वर्षांत एक शब्द सांगितला नव्हता. माझं नाव वाचवायला की स्वतःचं, की म्हाताऱ्याला ते झेपणार नाही म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही. मी तोंड उघडलं. तिनं मान अगदी किंचित हलवली, नाही. आणि मी गप्प बसलो. मला तेच हवं होतं.

नानसिंग पाणी प्यायला नळाकडे गेला तेवढ्यात ती म्हणाली, “तुम्हाला येतं की, सर.”

“काय?”

“खोटं बोलायला.”

आवाजात राग नव्हता. वर्गात कुणाचं गणित सुटलं की ती जसं बघायची तसं बघत होती. मला तिची क्षमा मागायची होती, त्यासाठी वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही तिच्यासमोर काढण्यासारखं नव्हतं.

नानसिंग तोंड पुसत परत आला. त्यानं झोपलेल्या नातीच्या केसांवरून हात फिरवला.

“सर, ही फार हुशार आहे. आईसारखी. जूनमध्ये तुमच्याकडे आणतो. तुम्ही शिकवा हिला.”

“हिला नको,” रमिला म्हणाली.

“का गं? सरांची शाळा आहे.”

तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती बापाच्या पुढे फाटकाकडे चालू लागली. नानसिंग ओशाळून माझ्याकडे बघत राहिला, मी काहीतरी सांगेन म्हणून.